लाल पाणी नितळ झालं, त्याच्या पुढचं काम

नाल्यात लाल पाणी दिसलं की वस्तीत आरडाओरड होते. बिनरंगी पाण्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात मला नेमकं तेच तपासायचं होतं: रंग काढून टाकलेल्या पाण्यात जीव जगतो का?

नागपुरात सूत रंगवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या मालकांनी नमुना घेऊ दिला. कापसावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंधानं जोडले जाणारे रंग) चढवायला भरपूर मीठ आणि सोडा अ‍ॅश लागतो, तरीही सगळा रंग धाग्यात बसत नाही; उरलेला पाण्यासोबत वाहून जातो. कॅन भरला तेव्हा पाणी अजून कोमट होतं, गर्द लाल, पीएच 10 च्या वर. आधी तुरटी लावून पाहिली. गाळ बसला, लाली मात्र तशीच. हे रंग पाण्यात पुरते विरघळलेले असतात, तुरटीच्या हाती फारसे लागत नाहीत.

मग फेन्टन प्रक्रिया. आम्ल घालून पीएच 3 वर आणायचा, फेरस सल्फेट टाकायचं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबानं सोडायचं. त्यातून तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, रंगाचा रेणू तोडतात. डोळ्यांदेखत पाणी लालाचं विटकरी झालं, मग पिवळसर, मग जवळजवळ नितळ. पीएच परत वर नेला की लोखंडाचा तांबूस गाळ तळाशी बसतो. वरचं पाणी बाटलीत भरून मालकांना दाखवलं तर ते म्हणाले, “ताई, हे तर बिसलेरीवानी दिसून राहिलं. आता अजून काय तपासता?”

तपासायचं होतं ते यासाठी, की अ‍ॅझो बंध (रेणूतली नायट्रोजनची जोडी, जिच्यामुळे रंग दिसतो) तुटला की रंग जातो, पण रेणूचे तुकडे पाण्यातच राहू शकतात, आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षाही घातक असतात. सीओडी (पाण्यातला घाणीचा भार मोजणारा रासायनिक आकडा) खाली आला म्हणून हे तुकडे निरुपद्रवी झाले असं होत नाही. आपल्या पर्यावरण नियमांतही म्हणूनच जैवचाचणी आहे: न पातळ केलेल्या सांडपाण्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत राहायला हवेत. मासे ठेवण्याची सोय आमच्याकडे नव्हती, म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी डॅफ्निया आणि मूग सुचवले.

डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला इवलासा कवचधारी जीव. चाचणीला 24 तासांच्या आतली पिल्लं घ्यायची, पाण्याच्या वेगवेगळ्या तीव्रतेत सोडायची आणि 48 तासांनी बघायचं. बीकर हलकेच हलवल्यावर 15 सेकंदांत जे पोहत नाही, ते निश्चल धरायचं. त्यांना 20 अंशांच्या आसपासचं तापमान लागतं. नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या भरवशावर हे होणं नाही, आणि विभागातला इन्क्युबेटर बीओडीसाठी (सूक्ष्मजीव पाण्यातला किती ऑक्सिजन वापरतात त्या चाचणीसाठी) 27 अंशांवर लावलेला. इतरांचे बीओडीचे नमुने निघाले की मधल्या काळात तो मला मिळायचा, आणि पिल्लांचा जन्मही त्याच बेतानं जुळवून आणावा लागायचा. नळाचं पाणी थेट वापरता येत नाही, क्लोरीननं पिल्लं मरतात. ते हवा सोडून आधी ठेवून द्यावं लागतं.

नितळ पाण्यात पिल्लं मेली. कशानं मेली, हे शोधण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि माझ्या मते या कामाचा जीव तिथेच आहे. पहिला संशय उरलेल्या पेरॉक्साइडवर. आयोडाइड-स्टार्चची पट्टी बुडवली, निळी झाली, म्हणजे पेरॉक्साइड होतं. कॅटालेझ हे पेरॉक्साइड तोडणारं विकर घालून ते संपवलं, पट्टी पांढरी राहिली, तरीही बरीच पिल्लं निश्चल. दुसरा संशय मिठावर, कारण फेन्टन मिठाला हातही लावत नाही. म्हणून तेवढंच मीठ घातलेलं, रंग नसलेलं पाणी वेगळं ठेवलं. त्यातही पिल्लं मेली, पण कमी. मधला फरक होता त्या तुकड्यांचा. प्रक्रिया रंग गेल्यावर न थांबवता बराच वेळ चालू ठेवली आणि नंतर पाणी सक्रिय कोळशातून काढलं, तेव्हा निकाल जवळपास नुसत्या मिठाच्या पाण्याइतका आला.

मुगानं हेच दुसऱ्या भाषेत सांगितलं. कच्च्या पाण्यात दाणे फुगले, मोड आलेच नाहीत. अर्धवट प्रक्रियेच्या पाण्यात मोड आले, पण मुळं आखूड आणि टोकाशी तपकिरी. नुसतं किती दाणे रुजले ते मोजलं असतं तर हे पाणी पास झालं असतं, म्हणून मुळांची लांबी मोजाच. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, पुढे गोसीखुर्दचं धरण. त्या वाटेवर कुणाच्या ना कुणाच्या शेतात हे पाणी जाणारच.

मालकांना मी आकड्यांच्या तक्त्यापेक्षा मुगाच्या ताटल्या दाखवल्या. त्यांनी विचारलं, मिठाचं काय करायचं? रंग चढवून झाल्यावर निघणारं पहिलं पाणी नंतरच्या धुण्याच्या पाण्यात मिसळू नका, एवढं मी ठामपणे सांगू शकले. मीठ मुख्यतः त्यातच असतं. त्यासाठी वेगळी टाकी बांधायला त्यांनी घेतली आहे. दोन्ही पाण्यांची स्वतंत्र डॅफ्निया चाचणी आता आमच्या विभागातली पुढची मुलगी करते आहे.