पहिलं कॉम्पॅक्ट पिस्तूल: निवड आणि जुळवणी

नवख्या हातासाठी पिस्तूल निवडायचं म्हटल्यावर मी सगळ्यात छोटी मॉडेलं आधीच बाद केली. गोळी तीच ९ मिमी, पण पिस्तूल हलकं. त्यामुळे ते हातात जास्त उसळतं, आणि मूठ आखूड असल्याने करंगळीला टेकायला जागाच उरत नाही. म्हणून ग्लॉक १९ या मध्यम मॉडेलच्या मापाचं घेतलं: नळी १०२ मिमी, मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) १५ गोळ्यांचं.

हातात घेताना आधी मॅगझिन काढलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटानेही तपासलं. मग अंगठा आणि तर्जनीमधला खाचा मुठीवर जितका वर बसेल तितका बसवून, नळी हाताच्या रेषेत ठेवून, तर्जनी कुठे पोचते ते पाहिलं. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला भाग यायला हवा. नुसतं टोक पोचत असेल तर मूठ मोठी. दुसरं पेर आत शिरत असेल तर लहान. ग्लॉकच्या चौथ्या पिढीपासून सोबत मुठीच्या मागच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी पोच २ किंवा ४ मिमीने वाढते. मात्र पट्टी लावताना सोबतची लांब पिनच वापरायची, मूळची आखूड पिन पुरत नाही.

खरा मोह ट्रिगरचा. खटका हलका व्हावा म्हणून स्ट्रायकरची (काडतुसावर टोला देणाऱ्या दांड्याची) स्प्रिंग मऊ केली की टोला कमी पडतो आणि कडक प्रायमरची (बुडाशी ठिणगी देणाऱ्या टोपीची) काडतुसं फुटेनाशी होतात. मी ट्रिगरला हात लावला नाही. मॅगझिन सोडायचं लांब बटणही टाळलं. पकड अजून पक्की नसलेल्या हातात ते नकळत दाबलं जातं. मुठीवर खरखरीत टेप लावली, एवढंच.

साइटकडे, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांकडे, वळण्याआधी थांबावं लागतं. उजव्या हाताने झाडलेल्या गोळ्या खाली-डावीकडे गेल्या की लोक लगेच मागची साइट सरकवतात. त्याआधी दुसऱ्याकडून मॅगझिन भरून घ्यावं, मध्येच एखादं डमी (न उडणारं) काडतूस घालून. डमीवर खटका पडताच नळीचं तोंड खाली झुकलं, तर दोष साइटचा नाही, धक्क्याच्या धास्तीचा आहे. हा उपाय फुकटात होतो, तरी कोणाला तो आवडत नाही.

टेकू घेऊन, वेगवेगळ्या काडतुसांनी झाडूनही गोळ्या खालीच बसल्या तरच हिशेब करावा. गोळी जितकी चुकली ते माप गुणिले पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर, भागिले निशाण्याचं अंतर. १५ मीटरवर ५० मिमी खाली आणि साइटमध्ये १५३ मिमी अंतर असेल, तर उत्तर येतं साधारण ०.५ मिमी. पुढची साइट तेवढी बुटकी घ्यायची. बुटकी केली की गोळी वर जाते.

रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, सध्या नको. पिस्तूल वर आणण्याची सवय एकसारखी झालेली नसते, तोवर ठिपका काचेत शोधण्यातच वेळ जातो.

राहता राहिली दोन अडखळणी. रिकामं काडतूस स्लाइडमध्ये उभं अडकत असेल तर आधी मनगट ढिलं पडतंय का ते पाहावं. स्लाइडला मागे जायला घट्ट आधार लागतो. आणि शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहत नसेल तर मॅगझिन बदलण्याआधी अंगठा पाहावा. तो बहुतेक वेळा स्लाइड स्टॉपवरच, म्हणजे स्लाइड उघडी धरणाऱ्या खिट्टीवरच, टेकलेला असतो.