पाणी शोधलं, पुणे सापडलं

सॉफ्टवेअरच्या मराठीकरणासाठी आमचं आयआरसीवर (इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची जुनी पद्धत) एक चॅनेल आहे. तिथे दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, "'सेटिंग'ला आपण कोणता मराठी शब्द ठरवला होता?" आणि कुणालाच आठवत नाही. म्हणून शनिवारी सकाळी गप्पांची नोंद ठेवणारा बॉट, म्हणजे चॅनेलात आपोआप बसून राहणारा प्रोग्राम, आणि त्या नोंदी ब्राउझरमध्ये वाचायचं पान करायला बसलो. जेवणापर्यंत आटपेल असं वाटलं होतं. रविवारची रात्र झाली.

सुरुवातीचा रस्ता सपाट. लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कच्या ६६९७ पोर्टला टीएलएसने (कूटबद्ध जोडणीने) जोडायचं, टोपणनाव सांगायचं, चॅनेलात शिरायचं. सर्व्हरने 'पिंग' म्हटलं की 'पाँग' म्हणायचं, नाहीतर थोड्याच वेळात हकालपट्टी. कोड लिहायचा कंटाळा असेल तर लिम्नोरिया हा तयार बॉट घ्या, त्यात नोंदींचं प्लगइन तयार मिळतं. मला ओळी थेट एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये हव्या होत्या, म्हणून पायथनमध्ये स्वतःच लिहिलं.

घाट लागला तो देवनागरीचा. आयआरसीचा संदेश ५१२ बाइटांचा, चॅनेलचं नाव वगैरे त्यातच. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. एकाने लांबलचक ओळ टाकली, ती चिन्हाच्या ऐन मध्यावर तुटली आणि बॉट आडवा झाला. डीकोड करताना, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरं करताना, 'रिप्लेस' सांगा. शेवटी एखादं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसेल, पण बॉट चालू राहील.

मग शोध. एसक्यूलाइटचं एफटीएस५ हे मजकूर शोधायचं साधन लावलं, 'पाणी' शोधलं, तर 'पुणे' असलेल्या ओळीही हजर! डोकं खाजवत तासभर गेला. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रांना अक्षरात धरतच नाही, तिथे शब्द तोडतो. दोन्हींचं उरतं 'प' आणि 'ण'. तक्ता बनवतानाच टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये 'एमएन' आणि 'एमसी' (Mn, Mc) घाला, काना-मात्रा या युनिकोड गटांत येतात. मी नंतर घातले, त्यामुळे सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागली. तरी 'पाणी'ने 'पाण्यात' सापडणार नाही. त्यासाठी 'पाण' लिहून पुढे तारा (*) द्या.

नोंदी वाचायचं पान फ्लास्कमध्ये (पायथनमध्ये वेबपानं बनवायचं साधन) तासाभरात झालं. वेळ यूटीसीत साठवा, पण दिवस भारतीय वेळेने पाडा, नाहीतर पहाटे साडेपाचच्या आधीच्या गप्पा आदल्या दिवसात जातात. आणि ओळी एस्केप केल्याशिवाय दाखवू नका, नाहीतर कुणी गप्पांत टाकलेला कोड पानावर चालू लागेल. आमच्यात एक खोडकर आहेच.

हे सगळं करण्याआधी चॅनेलला विचारा, आणि नोंद होते हे टॉपिकमध्ये (चॅनेलच्या माथ्यावरच्या ओळीत) लिहा. आमच्याकडे 'गुपित' शब्दाने सुरू झालेली ओळ बॉट सोडून देतो. पहिल्याच संध्याकाळी एकाने 'गुपित' लावून हापूसच्या पेटीचा भाव विचारला.