भवालचे गोम्स, कोस्ता आणि रोझारियो

नागोरीच्या दफनभूमीत बंगाली अक्षरांत कोरलेली नावं मी एकेक लावत गेले. गोम्स, कोस्ता, क्रूझ, रोझारियो. वसईतल्या माझ्या धर्मग्रामातही अशीच नावं आहेत. बाहेरच्याला वाटतं, हे पोर्तुगिजांचे वंशज. तसं नाही. आडनाव बाप्तिस्म्याबरोबर आलं. माणसं इथलीच, भवालच्या म्हणजे या परिसराच्या मातीतली.

नागोरी हे बांगलादेशातलं गाव, ढाक्याच्या ईशान्येला, गाझीपूर जिल्ह्यात. या ख्रिस्ती समाजाची कथा एका बंगाली राजपुत्रापासून सुरू होते. १६६३च्या सुमारास ‘मग’ म्हणवल्या जाणाऱ्या आराकानी चाच्यांनी बंगालमधल्या भूषणा राज्याच्या राजाचा मुलगा पळवून आराकानात, म्हणजे आजच्या म्यानमारच्या किनाऱ्यावर नेला. मानुएल द रोझारियो या ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टीनच्या कॅथलिक संघातल्या, धर्मगुरूनं त्याला पैसे मोजून सोडवलं. बाप्तिस्म्यानंतर तो दोम आंतोनियो द रोझारियो झाला, मायदेशी परतला आणि गावोगाव हिंडून बंगालीतून ख्रिस्ताची शिकवण देऊ लागला. हजारो लोक त्याच्यामागे गेले. ब्राह्मण आणि कॅथलिक यांच्यातला एक वादसंवादही त्यानं बंगालीत लिहिला. पुढे ऑगस्टिनियनांनी नागोरीत जमीन घेतली आणि ही वस्ती इथे रुजली.

याच गावी मानुएल द आसुंपसाँव या धर्मगुरूनं बंगालीचा शब्दकोश आणि व्याकरण लिहिलं. ते १७४३ साली लिस्बनला छापलं गेलं, रोमन लिपीत. बंगालीचं हे पहिलं छापील व्याकरण. फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ही १६१६ला गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीतच छापलं होतं, हे आठवून मला फार आनंद झाला. आपल्याकडे निदान ख्रिस्तपुराणाचं नाव घेतलं जातं. नागोरीचं ऋण बंगालीनं याहून मोठ्यानं सांगायला हवं.

एका घरी मासींनी भापा पिठा खाऊ घातला. तांदळाचं ओलसर पीठ, मध्ये खोबरं आणि खजुराचा गूळ. वाटी फडक्यात बांधून उकळत्या मडक्याच्या तोंडावर पालथी. दोन मिनिटांत तयार. बडोदिनाला, म्हणजे नाताळला, घरोघर पिठा होतो आणि अंगणात ‘खोल’ हा मृदंगासारखा ढोल आणि करताल घेऊन कीर्तन रंगतं. इथे सुट्टी शुक्रवारी आणि रविवार कामाचा दिवस, म्हणून शुक्रवारीही मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, असते.

१७ कोटींच्या देशात सगळे ख्रिस्ती मिळून अर्धा टक्काही नाहीत. तरी देशाच्या घडणीत ते बाजूला उभे राहिले नाहीत. पहिले पंतप्रधान ताजुद्दीन अहमद लहानपणी नागोरीच्या सेंट निकोलस या ख्रिस्ती शाळेत शिकले. १९७१च्या युद्धात निर्वासितांना आणि मुक्तियोद्ध्यांना आधार देणारे अमेरिकन धर्मगुरू फादर विल्यम इव्हान्स यांना पाकिस्तानी सैनिकांनी ठार मारलं. आणि ३ जून २००१ला गोपालगंजमधल्या बानियारचरच्या चर्चमध्ये मिस्सा चालू असताना बॉम्ब फुटला, दहा जण गेले. या जखमेबद्दल इथले लोक मोजकंच बोलतात. मीही जास्त विचारलं नाही.

जायचं असेल तर फेब्रुवारीत जा. शेजारच्या पानजोऱ्यात संत अंतोनीचा सण भरतो. त्याला मुसलमान आणि हिंदू शेजारीही नवस घेऊन येतात. मुक्काम ढाक्यातच करा आणि तिथलं तेजगावचं १६७७चं जपमाळ राणीचं चर्च चुकवू नका. २०१७ला पोप फ्रान्सिस तिथे आले होते. आवारातल्या जुन्या थडग्यांत आर्मेनियन व्यापाऱ्यांचीही थडगी आहेत; त्यासाठी तासभर वेगळा ठेवा.