तीन शिफ्ट, तीन खेळ : गोव्याआधीची पावसाळी नोंद

मंडळी, जुलै-ऑगस्टचा हिशेब मांडतोय. नव्यांसाठी थोडक्यात: शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, शिफ्ट दर आठवड्याला फिरते, आणि पावसाळा सरला की गोव्याची आयर्नमॅन 70.3 ही ट्रायथलॉन स्पर्धा करायची आहे. मिरामारला समुद्रात 1.9 किलोमीटर पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल, मग 21.1 किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत.

आधी आकडे, कारण निम्मे जण तेवढेच बघून जाणार. पोहणं 100 मीटरला 2:20 वरून 2:12 वर आलंय, म्हणजे 1.9 किलोमीटरला बेचाळीस मिनिटं धरा. समुद्रात लाटा आणि वाट चुकणं मिळून पन्नास लागली तरी 1 तास 10 मिनिटांच्या कटऑफच्या आत बसतं. सायकलचा एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर, 205 वॅटवरून 214. सावकाश पळताना नाडीच्या मिनिटाला 142 ठोक्यांवर पूर्वी किलोमीटरला 7:10 लागायचे, आता 6:50. वजन 71, जागचं हललेलं नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रात्री जाणाऱ्या माणसाचं हलणारही नाही.

सांगायची गोष्ट पुढं आहे. हे आकडे सुधारले त्या काळात माझे सरावाचे तास घटलेत. आठवड्याला अकरा-बारा होते, ते आठ-नऊवर आणले. बदल एकच: वहीत कामाचा एक नवा रकाना आखला.

सरावाचा भार मोजायची कार्ल फॉस्टर यांची पद्धत तुम्हाला माहीत असेल. सराव किती जड गेला ते 0 ते 10 मध्ये लिहायचं आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. तासभर सावकाश पळणं 3 चं असेल तर 180. पद्धत सोपी आहे, ठोके मोजणारं स्पोर्ट्स घड्याळ नसलं तरी चालतं. पण तिच्यात शिफ्ट कुठं येते? आठ तास मोल्डिंग आणि पोरिंगच्या मध्ये उभं राहायचं, 1400 अंशांच्या आसपासचं लोखंड ओतलं जात असताना सॅम्पल घ्यायचं, वर रिजेक्शन वाढलं की साहेबांच्या केबिनमध्ये हजेरी. घड्याळ या सगळ्याला ‘विश्रांती’ म्हणतं. मिनिटांनी गुणायला जावं तर 480 मिनिटांपुढं सरावाचा आकडाच दिसेनासा होतो. म्हणून गुणाकार सोडला. शिफ्टला नुसतं 1 ते 5, आणि शेजारी उठल्या उठल्या मोजलेले नाडीचे ठोके. शिफ्ट 4 किंवा 5 आणि ठोके नेहमीपेक्षा सहाहून जास्तीनं वाढलेले असतील, तर त्या दिवशीचं इंटरव्हल (जोरात-सावकाश अशा तुकड्यांचा सराव) रद्द. पुढं ढकलायचं नाही, रद्दच. ढकललेला सराव आठवड्याच्या शेवटी एकावर एक चढून बसतो.

तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात हा नियम जवळजवळ रोज लागतो. सकाळी आठला घरी, पडदे ओढून झोप, पण साडेअकराला शेजारी कुकरची शिट्टी झाली की खेळ खलास. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेची जागा घेत नाही. शरीराचं आतलं घड्याळ उजेडावर चालतं, आपल्या पाळीपत्रकावर नाही. त्या आठवड्यात आता फक्त सावकाश सायकल आणि पोहणं.

काही जण म्हणतील, भट्टीची ऊब तर गोव्यासाठी फुकटातलं ट्रेनिंग. अर्धं खरं आहे. उष्णतेची सवय साधारण दहा-चौदा दिवसांत होते: रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातलं मीठ कमी होतं. पण ज्या अभ्यासांतून हे कळलं त्यातली माणसं उन्हात पळून आल्यावर आडवी होतात. मी भट्टीपासून आल्यावर रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा अहवाल लिहितो. शिवाय गोव्याची अडचण नुसती उष्णता नाही, दमटपणा आहे. घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि तोच वेग ठेवला तरी ठोके चढत जातात. भट्टीपाशी हवा कोरडी असते.

आता प्रो लोकांबद्दल. ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी नॉर्वेचा ट्रायथलीट ब्लुमेनफेल्ट याचा सराव टाकतं. टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण, त्यानंतर वर्षभराच्या आत आयर्नमॅनचं जगज्जेतेपद, तेव्हा टाकणारच. थ्रेशोल्डचे सेट (दम टिकेल त्या सीमेवरचे जोरकस तुकडे), मध्येच बोटातून रक्त घेऊन लॅक्टेट, म्हणजे श्रमानं रक्तात वाढणारा पदार्थ, मोजणं, सगळं वाचायला झकास. पण दोन सरावांच्या मधल्या वेळात तो काय करतो हे कुणी टाकत नाही. खातो आणि झोपतो.

आणि हे कळायला कोल्हापूरकराला नॉर्वेला जायची गरज नाही. आमच्या गल्लीत एक आण्णा आहेत, तरुणपणी तालमीत होते. माझा तक्ता त्यांनी हातात घेतला, चष्मा पुसला आणि विचारलं, “हे सगळं झालं लेका, पण दुपारी झोपतोस कधी?” म्हटलं, आण्णा, दुपारी मी कंपनीत असतो. “मग हे पैलवानाचं गणित तुला कसं लागू पडंल?” तालमीतला दिवस आठवा: पहाटे जोर-बैठका, मग खुराक, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा लढती. ती झोप हौस म्हणून नव्हती, तो सरावाचाच भाग होता. आणि ती परवडावी म्हणून कुणीतरी मल्लाच्या पोटापाण्याचं बघायचं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तसा मल्लांना आश्रयही दिला. व्यावसायिक खेळाडू तो, ज्याच्या दुपारच्या झोपेचे पैसे कुणीतरी भरतं. आपण त्याचा सराव उचलतो आणि झोप तिथंच ठेवून येतो.

म्हणून मला ब्लुमेनफेल्टपेक्षा दुसरी माणसं जास्त उपयोगी वाटतात. जलतरणपटू वीरधवल खाडे आपला कोल्हापूरचाच. 2008 ला बीजिंग ऑलिंपिक, 2010 ला एशियाडचं कांस्य, मग तहसीलदाराची नोकरी, आणि त्यानंतर पुन्हा पाण्यात. 2018 ला जकार्ताच्या एशियाडमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, पदक हुकलं ते सेकंदाच्या शंभराव्या भागानं. तहसील कचेरीत बसलेला कुठलाही माणूस सांगेल, तिथलं काम पाचला संपत नाही.

आपल्या खेळात अहमदाबादची प्रज्ञा मोहन. चार्टर्ड अकाउंटंट आहे, आणि 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रायथलॉन केली, सोबत पुण्याची संजना जोशी. सीएची परीक्षा ज्यांच्या घरात कुणी दिली असेल त्यांनाच कळेल हे काय प्रकरण आहे. स्वित्झर्लंडची निकोला स्पिरिग तर कायद्याची पदवीधर. 2012 ला लंडनला फोटो फिनिशवर सुवर्ण, मग मूल, मग 2016 ला रौप्य, पुढं तीन मुलांची आई म्हणून पुन्हा टोकियो. अर्थात तिच्याकडं मदतीला माणसं होती. आपल्याकडं असतील-नसतील. पण तिचा दिवस निदान ओळखीचा वाटतो.

घरचं सांगतो, कारण मागच्या नोंदीवर दोघा-तिघांनी तेच विचारलं होतं. बायको बँकेत, तिची सुट्टी रविवारी. माझी सोमवारी. म्हणजे पूर्ण दिवस दोघं घरी असं होतच नाही. तोटा उघड आहे, पण एक फायदा निघाला: सोमवारची लांब सायकल कुणाच्या वाट्याचा वेळ खात नाही. ती बँकेत, लेक शाळेत. तुमच्या रविवारच्या ग्रुप राइडला मी दिसत नाही त्याचं कारण हेच, राग मानू नका. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळ घरची. तेव्हा सायकल घेऊनच कंपनीत जातो आणि येताना लांबच्या रस्त्यानं येतो. घरात पाऊल टाकलं की सराव संपलेला असतो, पुन्हा बूट बांधून बाहेर पडणं नाही. भांडणं निम्म्यानं कमी झाली. उरलेली ओल्या बुटांवरून होतात, आणि ती रास्त आहेत.

पावसाबद्दल काय लिहायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांकडं सरकायला लागली की आमचा नकाशा आक्रसतो. गगनबावड्याकडं पाणी, शिवाजी पुलापलीकडं केर्लीला पाणी, मग पन्हाळ्याचा चढ विसरायचा. 43 ला गेली तर गावालाच घोर, सायकलीचं काय घेऊन बसलात. त्या दिवसांत ट्रेनर, म्हणजे घरात सायकल अडकवून जागच्या जागी मारायचं यंत्र. वीस मिनिटांचे दोन तुकडे, एफटीपीच्या 88 ते 92 टक्क्यांवर, मध्ये पाच मिनिटं हलकं. आठवड्यातून एकदाच. 214 मला तरी यातूनच मिळालेत असं वाटतं. पन्हाळ्याच्या चढात मजा आहे, पण तिथं मी जोश येऊन दामटतो आणि उतारावर फुकट बसतो. ट्रेनरवर उतार नसतो.

खाण्याचा प्रयोग जमला. ताशी 60 ग्रॅम कार्बचं (कर्बोदकांचं) लक्ष्य होतं. दुकानातली एनर्जी जेलची पाकिटं परवडेनात, तेव्हा साखर वापरली. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मंनिम्म असतं आणि आतड्यात दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं शोषली जातात, म्हणून एकट्या ग्लुकोजपेक्षा जास्त माल पोटाला झेपतो. बाटलीत 60 ग्रॅम साखर, चिमूटभरापेक्षा जरा जास्त मीठ, लिंबू. तीन तासांच्या राइडला पोटानं तक्रार केली नाही. गूळही मुख्यतः साखरच, आणि गुळाच्या गावात राहून साखर पितो म्हणून टोमणे खाल्ले. पण गुळाचा गाळ बाटलीच्या तोटीत बसतो. काकवी पळताना बघणार आहे, छोट्या पिळायच्या बाटलीत भरून.

पोहणं बहुतेक टाकीतच झालं, पाऊस उघडला तेव्हा राजाराम तलावात. कधीही एकटा नाही, कंबरेला नारिंगी फुगा बांधून. टाकीत 2:12 दिसतात ते भिंतीला पाय मारून मिळालेले, हे लक्षात ठेवा. तलावात तेच 2:20 च्या पुढं जातं. दर आठ-दहा हातांनंतर मान वर काढून खूण बघायची, तिथं लय तुटते. गोव्यात पाणी कोमट असल्यानं वेटसूटही नसणार, म्हणजे तरंगायला फुकटची मदत नाही.

सप्टेंबरचं असं ठरलंय: तास नऊच्या वर न्यायचे नाहीत. दर सोमवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या अर्धा तास पळणं, तेही दुपारी बारानंतर, म्हणजे उन्हाची सवय होईल. पाऊस थांबून समुद्र शांत झाला की एक सोमवार मालवणला, चिवल्याच्या किनाऱ्यावर पोहायला. दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास सागरी जलतरण स्पर्धा भरते तोच. मला ऑक्टोबरमध्ये जायचंय. तिकडचं कुणी असेल तर सांगा, तेव्हा पाणी किती निवळलेलं असतं? आणि सोबत पोहायला कुणाला सोमवारी रजा टाकता येईल का?