केसपेपरवर नसलेली मशेरी

आमच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या अस्थिरोग कक्षात साठी ओलांडलेल्या एक आजी खुब्याचे हाड मोडल्यामुळे शस्त्रक्रियेची वाट पाहत होत्या. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला, म्हणजे फिजिशियनला, तातडीने बोलावणे आले. आजींनी सलाईन उपसून टाकले होते, रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, सुनेने आणलेल्या जेवणाला त्या शिवत नव्हत्या आणि ‘मला घरी न्या’ एवढेच सारखे म्हणत होत्या. या वयात हाड मोडल्यावर अनेकांना होणारा भ्रम तो हाच असेल तर उद्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी का, असा भूलतज्ज्ञांचा रास्त प्रश्न होता. मात्र खुब्याच्या अस्थिभंगात अंथरुणावर पडून काढलेला प्रत्येक दिवस न्यूमोनियाचा, शय्याव्रणांचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवत असतो.

आजींना ताप नव्हता, साखर, सोडियम आणि ऑक्सिजन ठीक होते, वेदनाशामक औषध वेळेवर मिळत होते. गाव, वार, मुलाचे नाव, सारे त्या बिनचूक सांगत होत्या. मला खटकली ती नाडी. वेदनेने तळमळणाऱ्या किंवा अचानक दारू सुटलेल्या माणसाची नाडी बहुधा जलद चालते; आजींची मात्र साठीच्याही खाली होती, आणि नाडी मंदावणारे कोणतेही औषध त्यांना चालू नव्हते. निकोटीन शरीरात अॅड्रेनॅलिन सोडायला लावून नाडी वाढवते, आणि ते एकाएकी थांबले की नाडी उतरते. केसपेपरवर मात्र ‘व्यसन नाही’ असे लिहिलेले होते.

‘आजी, तंबाखू खाता का?’ असे विचारल्यावर त्या दुखावल्या. ‘तंबाकूला म्या कधी हात लावला न्हाई.’ मी ओठ बाजूला करून पाहिले, तर हिरड्या काळपट होत्या. मग मशेरीचे विचारले. ‘ती लावते की. दिसातनं चार-पाच बाऱ्या. त्याबिगार परसाकडं हुत न्हाई, डोकं धरतं.’ डबी घरी राहिली होती, आणि दवाखान्यात ती मागायची सासू-सुनेला दोघींनाही लाज वाटत होती.

मशेरी म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. हिरडीच्या पातळ त्वचेतून तिच्यातील निकोटीन रक्तात शिरते. विडीच्या धुरातून ते काही सेकंदांत मेंदूत पोहोचते त्यापेक्षा हा वेग कमी असतो, पण रक्तातील पातळी अधिक काळ टिकून राहते. मेंदूत ते अॅसिटिलकोलिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाच्या ग्राहींवर, म्हणजे ते रसायन पेशीवर जिथे चिकटते त्या जागांवर, बसते आणि डोपामिन हे सुखद वाटायला लावणारे रसायन सुटून हुशारी वाटते. वर्षानुवर्षे हे चालले की मेंदू त्या ग्राहींची संख्याच वाढवतो, आणि ती भरण्यासाठी निकोटीन लागतच राहते. रक्तातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होत असल्यामुळे रात्रीनंतर शरीर जवळजवळ रिकामे होते, म्हणून सकाळची पहिली मशेरी चुकली की चिडचिड, डोकेदुखी आणि अस्वस्थता सुरू होते. आतड्यांनाही याच रसायनाची चालना मिळत असल्याने आजींची परसाकडची तक्रार खरी होती. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतो, नेमका आमच्या शस्त्रक्रियेच्या वेळी.

डबी आणून देणे सोपे होते, पण तीत कर्करोगकारक नायट्रोसामाइन्सही असतात, आणि निकोटीनच्या प्रत्येक उसळीने आकुंचन पावणाऱ्या रक्तवाहिन्या हाड जुळण्याच्या आड येतात. त्यापेक्षा त्वचेवाटे संथपणे निकोटीन देणारी पट्टी मला अधिक योग्य वाटली, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनीही ती मान्य केली. मुलाने ती जिल्ह्याच्या गावाहून आणली. रात्री आजी थोडे जेवल्या आणि झोपल्या. शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली.

हे सगळे चालू असताना सून कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. मी निघालो तेव्हा ती व्हरांड्यापर्यंत मागे आली आणि हळूच म्हणाली, ‘डॉक्टर, मी बी लावते.’ तिला पाचवा महिना होता. मुंबईतील 1217 गर्भवती स्त्रियांचा अभ्यास 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे बहुतांशी मशेरीच लावणाऱ्या, मातांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले होते. हे आकडे मी तिला सांगितले नाहीत. निकोटीन वारेतून बाळापर्यंत जाते आणि बाळाचे वजन कमी भरू शकते, एवढे सांगितले. गरोदरपणात पट्टीचा निर्णय घाईने घ्यायचा नसतो, म्हणून आधी समुपदेशनाचा मार्ग धरला: पहिले तीन दिवस जड जातील, तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ बडीशेप चघळावी, दात साध्या पेस्टने घासावेत, आणि घरातली डबी नवऱ्याच्या हाती द्यावी. 1800-11-2356 हा तंबाखूमुक्तीचा मोफत क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये घालून दिला.

तिच्या गरोदरपणाच्या कार्डावरही व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ असेच होते. तिला आजवर मशेरीचे कोणी विचारलेच नव्हते. मी तिथे ‘मशेरी, दिवसातून चार वेळा’ असे लिहिले आणि तिच्या गावच्या आशाताईंना फोन लावला.