उएनोच्या तळ्यातली सरस्वती

दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली नाही, असं आमच्या घरी एकही वर्ष गेलं नाही. त्यामुळे टोकियोत भाची म्हणाली, "मावशी, उद्या तुला सरस्वतीच्या देवळात नेते," तेव्हा मला वाटलं, इथल्या आपल्या लोकांनी बांधलेलं एखादं मंदिर असेल. भाची राहते निशी-कासाईला. तिथे भाजी घेतानासुद्धा मराठी कानावर पडतं, तेव्हा तसं वाटणं साहजिकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाची, तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि मी उएनो पार्कातल्या शिनोबाझु तळ्याच्या काठी उभे होतो. जुलै महिना, सिकाडा किड्यांची किरकिर सुरू झालेली आणि समोर पाणी दिसूच नये इतकी कमळं. सुपाहून मोठी पानं, तीही माणसाच्या छातीइतकी उंच. वाऱ्याची झुळूक आली की पान कलतं, त्यातलं पाणी पाऱ्यासारखं एकगठ्ठा गडगडत कडेला येतं आणि खालच्या पानात सांडतं. नातू बराच वेळ तेच बघत होता. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून इथे सकाळीच यायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अन्नाची टंचाई होती तेव्हा हे तळं आटवून इथे भात लावला होता, हे भाचीने सांगितलं तेव्हा मी पुन्हा एकदा त्या कमळांकडे पाहिलं.

तळ्याच्या मधोमध बेटावर बेन्तेन-दो हे अष्टकोनी देऊळ आहे. देवी बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर ती चीनमार्गे जपानात पोचली. तिच्या हातातल्या वीणेचं इथे बिवा झालं. बिवा हे इथलं तंतुवाद्य. तिचं नदीशी, पाण्याशी असलेलं जुनं नातं मात्र जपान विसरला नाही, म्हणून तिची देवळं बहुधा पाण्याकाठीच असतात. इथली देवी आठ हातांची आहे. मूळ देऊळ 1945च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, आताचं 1958 सालचं. मी चपला काढायला वाकले, तर भाची म्हणाली, "इथे बाहेरूनच नमस्कार करतात." हात जोडले आणि एकदम घरची पाटी आठवली.

पण मला खरं हलवलं ते देवळाभोवतीच्या दगडांनी. एक स्मारकशिळा स्वयंपाक्यांच्या सुऱ्यांची आहे. झिजलेल्या, आयुष्यभर राबलेल्या सुऱ्यांची कृतज्ञता म्हणून. एक चष्म्यांची, एक फुगु माशाची, ज्याला माणसं खातात त्याच्या स्मरणासाठी. खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊनपुसून पुजतो, विळी-कोयत्याला हळदकुंकू वाहतो. ही भावना मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

तळ्यापासून पायऱ्या चढून टेकडीवर गेलं की पार्काचा खरा इतिहास सुरू होतो. 1625 साली तेन्काई नावाच्या भिक्षूने तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांसाठी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांसाठी, इथे कानएइ-जी हा मठ स्थापला. एदोच्या, म्हणजे तेव्हाच्या टोकियोच्या, किल्ल्यापासून ही जागा ईशान्येला. आपण ईशान्येला देवघर ठेवतो. जुन्या जपानी समजुतीप्रमाणे संकट याच दिशेने शिरतं, म्हणून तिथे राखण हवी. क्योतोची राखण हिएइ डोंगरावरचा मठ करतो, त्याचंच हे रूप. खालचं तळं म्हणजे तिथलं बिवा सरोवर आणि बेन्तेनचं बेट म्हणजे त्या सरोवरातलं चिकुबु बेट. पंधरापैकी सहा शोगुन याच मठात पुरले आहेत.

4 जुलै 1868 रोजी, पावसात, यातलं बरंचसं एका दिवसात राखेत गेलं. शोगुनांची सत्ता गेली होती, पण शोगिताई हे त्यांच्याशी एकनिष्ठ सामुराई या टेकडीवर ठाण मांडून होते. सम्राटाच्या सैन्याने तळ्यापलीकडून तोफा डागल्या आणि संध्याकाळच्या आत लढाई संपली. हल्ल्याच्या आघाडीवर होता साइगो ताकामोरी. आज पार्काच्या दक्षिण टोकाला त्याचा पुतळा आहे, साध्या किमोनोत, शेजारी कुत्रा. 1898 सालचा. त्याच्या पाठीमागे, मोजून काही पावलांवर, शोगिताईंची समाधी. पुढे साइगोनेही त्याच सरकारविरुद्ध बंड केलं आणि 1877 साली त्यातच गेला. जिंकलेला आणि हरलेले एकाच झाडांच्या सावलीत आहेत. लोक पुतळ्यापाशी फोटो काढून परततात, पण समाधीपर्यंत जाच.

जळक्या टेकडीवर वैद्यकीय शाळा आणि रुग्णालय उभं राहायचं ठरत होतं. बाउदुइन नावाच्या डच डॉक्टरने सांगितलं की ही झाडी तोडू नका, इथे बाग करा. 1873 साली जपानच्या पहिल्या सार्वजनिक उद्यानांत उएनोचं नाव लागलं. 1924 साली राजघराण्याने ही जागा टोकियो शहराला भेट दिली, म्हणून जपानी नावात आजही 'ओन्शी', म्हणजे राजाने कृपापूर्वक दिलेलं, हा शब्द आहे. बाउदुइनचा अर्धपुतळा पार्कात आहे. 1973 साली बसवलेला पुतळा चुकून त्याच्या भावाच्या चेहऱ्याचा झाला होता. 2006 साली तो बदलून खऱ्या डॉक्टरचा चेहरा आणला. चूक मान्य करून दुरुस्त केली, हे मला फार आवडलं.

संग्रहालयांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांना वेगळा दिवसच हवा. टोकियो राष्ट्रीय संग्रहालय जपानमधलं सर्वांत जुनं. आणि ज्यांनी चंदीगड पाहिलंय त्यांनी, ते शहर आखणाऱ्या ल कॉर्बुझिए या वास्तुकारानेच आखलेलं पाश्चात्त्य कलेचं संग्रहालय बाहेरून तरी पाहावं. 1959 सालच्या त्या इमारतीला आणि चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाला जागतिक वारशाचा मान 2016 साली एकाच यादीत मिळाला.

एका छोट्या टेकाडावर बुद्धाचा नुसता चेहरा भिंतीत बसवलेला आहे. एकेकाळी इथे मोठी बसलेली मूर्ती होती. भूकंपांनी तिची पडझड होत राहिली, 1923च्या महाभूकंपात डोकं खाली आलं आणि युद्धात धड वितळवायला नेलं. उरला तो चेहरा. आता याहून खाली पडणं नाही, म्हणून परीक्षेला बसणारी मुलं इथे येऊन नवस बोलतात. आम्ही गेलो तेव्हा शाळेच्या गणवेशातली एक मुलगी डोळे मिटून बराच वेळ उभी होती. तिला पास कर रे बाबा, असं मीही मनात म्हटलं.

साडेनऊला प्राणिसंग्रहालय उघडलं. हे 1882 सालचं, जपानमधलं पहिलं. नातवाला हत्ती बघायचे होते आणि मला त्याआधीच्या हत्तींची गोष्ट ठाऊक होती. 1943 साली, बॉम्ब पडून पिंजरे फुटले तर, या भीतीने मोठे प्राणी मारायचा हुकूम निघाला. हत्तींनी विष घातलेले बटाटे सोंडेने बाजूला टाकले. कातडीत सुई शिरेना. शेवटी तिघांना उपाशी ठेवलं. खायला मिळेल या आशेने ते शिकवलेल्या कसरती करून दाखवत राहिले. मेलेल्या प्राण्यांसाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला तेव्हा त्यातले दोन हत्ती अजून जिवंत होते.

युद्धानंतर इथल्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहिली, आम्हाला हत्ती द्या. सप्टेंबर 1949मध्ये म्हैसूरकडची एक हत्तीण बोटीने आली. नेहरूंनी तिला आपल्या मुलीचं नाव दिलं होतं, इंदिरा. ही भेट माझी नव्हे, भारतातल्या मुलांची समजा, असं त्यांनी जपानी मुलांना लिहिलं. 1983 साली ती इथेच गेली.

प्राण्यांच्या स्मारकापाशी मी थांबले. नातू पुढे धावला होता. परत येऊन त्याने माझा हात ओढला.

"आजी, चल ना! त्या छोट्या हत्तीचं नाव अरुण आहे. आपल्या अरुणकाकासारखं!"

2020 साली जन्मलेलं, उएनोत जन्मलेलं पहिलंच हत्तीचं पिल्लू. आईवडील थायलंडचे, म्हणून नाव थाई भाषेतलं. तिथेही अरुण म्हणजे पहाटच. आता ते पिल्लू कसलं, चांगला थोराड झालाय. सोंडेने माती उचलून पाठीवर उडवत होता आणि कठड्यापलीकडून एक जपानी आजोबा त्याला नावाने हाका मारत होते.