पाटीवर मालदांडी, सुपात मोती

२०२३ च्या मार्चमधली गोष्ट. मी तेव्हा मंगळवेढा तालुक्यात कृषी सहायक होते, आणि सोलापूरला जिल्ह्याचा कृषी महोत्सव भरला होता त्यात आमच्या तालुक्याचं दालन लावायचं काम माझ्याकडे आलं. जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांनी आपापल्याकडे जे पिकतं ते मांडायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक फिरणार आणि पहिल्या नंबराला ढाल. ज्यांनी हे एकदा तरी केलंय त्यांना माहितीये, आठवडाभर घरच्यांना तोंड दिसत नाही.

आमच्या शेजारी सांगोला. डाळिंबाचे नुसते मनोरे लावले होते, सगळा भगवा वाणाचा माल, देठ ठेवून काढलेला, एकेक फळ मऊ कपड्याने पुसून ठेवलेलं. तेल्या आणि मर या रोगांनी आणि खोडकिड्याने तिथल्या बागाच्या बागा काढून टाकाव्या लागल्यात, त्यामुळे ते मनोरे बघून मला खरंच भरून आलं होतं. पलीकडे पंढरपूरचा हिरवा बेदाणा, करमाळ्याचे केळीचे घड, आणि माळशिरसवाल्यांनी तर उसाची कमान उभी केलेली, येणारा प्रत्येक जण आधी तिथे फोटो काढायचा. या सगळ्या रंगापुढे आमच्याकडे काय तर ज्वारी. पांढरी ज्वारी आणि वाळलेला कडबा.

पण ती ज्वारी कुठली हे कळणाऱ्याला कळतं. मंगळवेढ्याची काळी कसदार जमीन, उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायची आणि मग पाणी नाही, जमिनीत जी ओल मुरलीये तिच्यावरच पीक माघ-फाल्गुनापर्यंत येतं. वाण मालदांडी, मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रातून निवड पद्धतीने काढलेलं एम-३५-१, नव्वदच्या आसपास वर्षं झाली तरी शेतकरी सोडत नाही कारण भाकरी गोड आणि कडबा जनावर चाटूनपुसून खातं. २०१६ ला मंगळवेढा ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आणि २०२३ हे तर भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष, म्हणजे आता नाही तर कधी असं आमच्या सगळ्या टीमला वाटत होतं. आम्ही दामाजीपंतांचं कोठार उभं केलं, कडब्याच्या पेंढ्यांच्या भिंती, कणसांच्या जुड्यांचं तोरण, जमिनीवर तूर, हरभरा, करडई, जवस यांची रांगोळी, आणि मधोमध मोठ्या सुपात ज्वारीची रास, तिच्यापुढे पाटी, "मंगळवेढ्याची मालदांडी".

गटातल्या चार-पाच बायका माझ्यासोबत रात्री रांगोळीचे दाणे नीट करत बसल्या होत्या. त्यातल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, आयुष्यभर लोकांच्या रानात काढणी-खुडणी केलेल्या, रास सारखी करताना थांबल्या. मूठभर ज्वारी तळहातावर घेतली, दिव्याखाली धरली, दोन दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाल्या, "ताई, ही आपली न्हाई."

मी म्हटलं अहो मावशी तालुक्यातल्याच शेतकऱ्याची आहे, माझ्याकडे सातबाऱ्यासकट नोंद आहे. त्या म्हणाल्या, "तालुक्यातली आसंल की, पर मालदांडी न्हाई."

पावणेबारा वाजले होते. मी त्या शेतकऱ्याला फोन केला, बिचारा झोपेतून उठला, आणि सरळ म्हणाला, "व्हय मॅडम, परभणी मोती हाय ती. तुम्ही चांगली टपोरी चमकदार ज्वारी द्या म्हनला, म्हनून ती दिली." त्याचं काहीच चुकलं नव्हतं. परभणी मोती उत्तम वाण आहे, दाणा टपोरा, नावासारखी चमक. चूक माझी होती, मी नमुने गोळा करताना दाणा बघितला आणि वाण विचारलंच नाही. चार शेतकऱ्यांचे नमुने आले होते त्यातला जो सगळ्यात देखणा तो मधे ओतला आणि पाटी लावून मोकळी झाले.

आता करायचं काय. वरिष्ठांना फोन लावला तर ते म्हणाले राहू दे, कोण ओळखतंय, ज्वारी ती ज्वारी. दुसऱ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं पाटीवरचा "मालदांडी" एवढा शब्द खोडू, नुसतं ज्वारी लिहू. मला दोन्ही पटेना. अहो जीआय मिळालं ते कशाचं, आमचा शेतकरी बाजारात चार पैसे जास्त मागतो ते कशाच्या जोरावर, आणि आपणच सरकारी दालनात दुसरं वाण त्या नावाने मांडायचं? मग व्यापाऱ्याने बाहेरची ज्वारी मंगळवेढ्याची म्हणून विकली तर आपण कुठल्या तोंडाने बोलणार.

खरी मालदांडी होती, मावशींच्याच गावच्या एका म्हाताऱ्या आजोबांनी दिलेली, पण ती होती जेमतेम दोन पायल्या, दाणा थोडा बारीक, त्या साली त्यांच्या रानात ओल कमी पडली होती. सूप मोठं, रास छोटी दिसणार. मावशींनी सूप काढून टाकलं आणि दालनातच पडलेली एक लहान पितळी परात घेतली. रात्री दीड वाजता आम्ही मोतीचं सूप बाजूला मांडलं, त्यावर त्या वाणाचं आणि शेतकऱ्याचं नाव लिहिलं, आणि मधे परात. डेकोरेशनवाला पोरगा म्हणाला, मॅडम आता सेंटर बारकं दिसतंय. दिसतच होतं.

सकाळी तीन परीक्षक आले. दोघे कोठाराच्या भिंती बघत होते, तिसरे रिटायर शास्त्रज्ञ, ते सरळ परातीपाशी बसले, दाणे हातावर घेतले, मग मोतीच्या सुपातले घेतले, आणि विचारलं, "हे दोन वेगळे ठेवायचं कुणी सुचवलं?" मी मावशींना पुढे केलं. मग पंधरा मिनिटं ते मावशींशीच बोलत होते, बाकीचे दोघे पुढच्या दालनात गेले तरी हे उठेनात. भाकरी कशी होते, पीठ किती दिवस टिकतं, चुलीवर फुगते का, संध्याकाळपर्यंत मऊ राहते का. मावशी एकदम ठणठणीत आवाजात उत्तरं देत होत्या, मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

नंबर आमचा तिसरा आला. पहिला सांगोल्याचा, आणि त्यांचा तो हक्कच होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार मार्कांच्या तक्त्याबद्दल आहे. आम्हाला नंतर बघायला मिळाला, त्यात मांडणीला मार्क होते, विविधतेला होते, मालाच्या प्रतीला होते, पण जे नाव लिहिलंय तेच वाण आहे का, ते त्याच तालुक्याच्या मातीतलं आहे का, याला रकानाच नव्हता. तालुक्याची ओळख मांडायची म्हणून स्पर्धा, आणि ओळखीलाच मार्क नाहीत. मी तेव्हाच लेखी सूचना दिली, वाणासाठी आणि बियाण्याच्या स्रोतासाठी स्वतंत्र गुण ठेवा, आणि परीक्षकांत एक तरी राबणारी बाई घ्या जिला दाणा दाताखाली ओळखता येतो. त्यानंतर जिथे बदली झाली तिथूनही दिलीये, परत देणार आहे.

दालन मोडलं त्या संध्याकाळी आजोबांची ज्वारी परत करायला मी स्वतः गेले. येणाऱ्या-जाणाऱ्याने चिमूट चिमूट उचलली होती त्यामुळे दोन पायल्यातली दीडच उरली होती, मी पैसे काढायला लागले तर त्यांनी हात धरला. विचारलं काय तर एवढंच, "लोकांनी उचलली व्हय? कुठकुठली होती मानसं?" मग मी ओट्यावर बसून, आठवत होती तेवढी सगळी गावं त्यांना सांगितली.